एकदाच अडकलेली यंत्रणा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या ताई, त्यांचे कुटुंबीय आणि मित्रहो,

मी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाचा प्रमुख. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या या सभेत ते वापरणारा मी एकटाच! तुमच्या चाचणी विभागाच्या प्रमुख असलेल्या या ताईंना तुम्ही लाडाने 'शंकेखोर' म्हणता. त्यांचे यजमान मघाशी सांगत होते, घराला कुलूप लावलं की या ओढून बघतात आणि मग त्यांनाही ओढायला लावतात.

काही वर्षांपूर्वी भर दुपारी एक बस उलटली आणि ऐन वेळी फोन नोंदवून गाड्या धाडणारी, तुम्हीच बनवलेली आमची यंत्रणा अडकली. तोंडी पत्ते सांगून गाड्या धाडल्या. एक आजोबा थोडक्यात वाचले. यंत्रणा बंद करून चालू केली, तर सुरळीत! विषय मिटवा, असं वरिष्ठांचं मत पडलं. इतक्या वर्षांत एकदाच तर अडकली. ताई शांतपणे म्हणाल्या, "रुग्णाला ते एकदाच पुरतं."

त्या आमच्या कक्षात येऊन बसल्या. चूक कुणाची, हे विचारलंच नाही. तेव्हा कोण काय करत होतं, एवढंच विचारत राहिल्या. हळूहळू उलगडा झाला. एका अपघाताचे अनेक फोन आले की फोन घेणारी आमच्या कक्षातली एक मुलगी त्यांची मिळून एक नोंद करते. नेमकी तेव्हाच दुसरी त्यातल्याच एका फोनचा पत्ता दुरुस्त करायला गेली, की दोन्ही कामं एकमेकांसाठी थांबतात. दारात दोन भिडस्त पाहुणे 'आधी तुम्ही' म्हणत राहावेत आणि मागे सगळे खोळंबावेत, तसं! चाचणीत हे का सापडलं नाही? तिथे एका वेळी एकच माणूस तपासायचा. संकटात कुणी रांगेने फोन करतं का हो?

दुरुस्ती झाली, पण ताई थांबल्या नाहीत. जुने बिघाड उकरून प्रत्येकावर चाचणी बेतली. आमच्या मुलींना बोलावून मुद्दाम गोंधळ घालायला लावला. नवी आवृत्ती लांबली, बोलणी खाल्ली, पण खात्री पटेपर्यंत होकार दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात कारखान्याला आग लागली. फोनांचा नुसता भडिमार! माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. यंत्रणा मात्र चालत राहिली. गाडीमागून गाडी सुटली. संध्याकाळी रुग्णालयातून निरोप आला, सगळे कामगार जिवंत आहेत. मी ताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "कुठे अडखळली का? तेही सांगा."

"नाही, ताई. कुठेही नाही."

संयोजकांनी मला बोलू दिलं, ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. फक्त टाळ्या माझ्यासाठी नकोत. त्या कारखान्यातली मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत.

जरा उभे राहता का? ताईंना तुम्हाला बघू द्या.