नाव घ्या, बाई

फारकतीचा कायदा नवीनच आला होता. बागेच्या दाव्यासाठी मी वसईच्या कोर्टाच्या ओट्यावर बसले होते. शेजारी आगाशीकडचं एक जोडपं कारकुनापुढे उभं होतं.

“राहता कुठे, बाई?”

“यांच्याच घरात. पुढल्या पडवीत हे, मागल्या पडवीत मी. चार वर्षं चुली वेगळ्या आहेत.”

“बोलता एकमेकांशी?”

“केळींना पाणी सोडायचं, तेवढ्यापुरतं.”

“आणि माझी चूल पेटली नाही तर निखारा देते, साहेब.”

“यांच्या फुंकण्याचा धूर माझ्याकडे येतो, म्हणून देते.”

“बरं. नवऱ्याचं नाव सांगा.”

“हे सांगतील.”

“अर्ज तुमचा आहे, नाव तुम्हीच सांगायला हवं. हवं तर उखाण्यात घ्या.”

“चेष्टा नको, भाऊसाहेब.”

“अगं, घे की. चार वर्षं थांबलीस या दिवसासाठी. आता माझी कसली लाज?”

“तुम्ही मध्ये बोलू नका.”

“बाई, नाव घेतल्याशिवाय अर्ज पुढे जायचा नाही. फारकत मिळायची नाही.”

“आणि फारकत मिळाल्याशिवाय मी यांचं नाव कसं घेऊ, भाऊसाहेब?”