माय, तू उठू नको

आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद स्वीकारून आमचा मान वाढवणारे आपल्या संस्थेचे अध्यक्ष आदरणीय योगीराज काका, गंगाखेडहून उन्हातान्हात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपले मुख्याध्यापक अप्पाराव सर, माझे सर्व सहकारी, मंडपात दाटीवाटीनं बसलेले गावकरी मायबाप, पुढं सतरंजीवर बसलेली आमची लेकरं, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण इथं जमलो आहोत त्या आपल्या क्रीडाशिक्षिका सौ. अंबिका दैठणकर मॅडम, तुम्हा सगळ्यांना रामप्रसाद गडदेचा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या संघप्रिया मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. लेकरं आत्ताच हसायला लागली. त्यांना ठाऊक आहे की घंटा झाल्यावरही गडदे सरांचा गणिताचा तास संपत नसतो. पण मॅडम, आज थोडं सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी अंबिका मॅडमच्या खो-खोच्या संघाबद्दल सांगितलं, जिल्ह्याच्या ढालीबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे आणि त्या ढाली ऑफिसातल्या कपाटात आहेत. मी जे सांगणार आहे ते कुठल्या कपाटात नाही. आणि ते सांगताना मला आधी माझी चूक कबूल करावी लागणार आहे.

चूक अशी की सोळा वर्षं मी मॅडमचे तास पळवले. दहावीचं बीजगणित राहिलं की माझी नजर खेळाच्या तासाकडं जायची. "मॅडम, आजचा दिवस." मॅडम शिट्टी पर्समध्ये ठेवायच्या. पोरांचे चेहरे पडायचे आणि मी खडू उचलायचो. मला मनापासून वाटायचं की उड्या मारून कुणाचं भलं झालंय? आम्ही धनगराची माणसं. माझा बाप, माझी माय जन्मभर मेंढरांमागं चालली. चालणं म्हणजे गरिबी, आणि बसून मिळते ती भाकरी इज्जतीची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. अशा माणसाला व्यायामाचं महत्त्व कोण पटवणार?

साडेतीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमची माय, मनकर्णाबाई, न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. डॉक्टरांनी घरी सोडताना एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, रोज चालवा. मी तो कागद वाचला, नीट घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवून दिला. कारण मायला वेदनेनं किंचाळताना मी ऐकलं होतं. पुन्हा पडली तर? हा एकच विचार माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, मुंजाजीच्या, मनात घर करून बसला होता.

मग आम्ही काय केलं? तिच्यासाठी नवीन बाज आणली, मऊ गादी आणली. पाणी हातात, भाकरी हातात. ती जरा हलली की घरातून इकडून-तिकडून आवाज यायचा, "माय, तू उठू नको." माझी बायको शिवकन्या तिला न्हाऊ घालायची. मुंजाजी मेंढरं वाड्यात घालून आला की तिचे पाय चेपायचा. गावात लोक म्हणायचे, लेकरं असावीत तर अशी. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आठ महिन्यांत मायच्या पिंढऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. आधी ती भांडायची. "रामा, मला काय कैद करून ठेवलास?" नंतर भांडायची थांबली. पुढं पुढं बोलायचीच थांबली. छताकडं बघत पडून राहायची. आम्ही एकमेकांना सांगायचो, वय झालं.

एका रविवारी अंबिका मॅडम तिला बघायला आल्या. आपल्याकडं लोक येतात तशाच, पिशवीत बिस्किटाचे पुडे घेऊन. बाजेजवळ बसल्या. मला वाटलं विचारतील, मावशी, कसं वाटतंय? त्यांनी विचारलं,

"मावशी, शेवटचं उभं कधी राहिलात?"

 मायनं माझ्याकडं बघितलं. मंडळी, लहानपणी वर्गातून बाहेर जायला आम्ही मास्तरांकडं बघायचो ना, तसं. माझी माय, जिनं मला खांद्यावर घेऊन बालाघाटाचे डोंगर तुडवले, ती बोलायची परवानगी माझ्याकडं मागत होती.

आणि मला मॅडमचा राग आला! मी म्हणालो, "मॅडम, तुमची पी.टी. शाळेत. घरात आजारी माणूस आहे."

मॅडम चहा घेऊन गेल्या. 

पुढच्याच आठवड्यात पावसानं शाळेला तीन दिवस सुट्ट्या पडल्या. माझा अभ्यासक्रम मागं राहिला आणि मी निर्लज्जासारखा पुन्हा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "मॅडम, गुरुवारचा तास." शिक्षकांच्या खोलीत सगळे होते. मॅडम म्हणाल्या, "देते सर. पण हा शेवटचा. यापुढं मागायचा नाही. आणि याच्या बदल्यात मला महिनाभर रोज वीस मिनिटं पाहिजेत, तुमच्या घरी."

सगळ्यांसमोर मला नाही म्हणता आलं नाही.

त्या आल्या, पण आल्या-आल्या मायला हात लावला नाही. आधी माझ्याकडून ती फाईल मागितली, माझ्याच फोनवरून नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं, काय करायचं आणि काय करायचं नाही. डॉक्टरांचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. "अजून चालवलं नाही? का?" मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हे उपकार मी विसरणार नाही.

पहिला आठवडा माय नुसती बाजेच्या काठावर पाय खाली सोडून बसली. एक पाऊल दहा वेळा वर, मग दुसरं. मॅडम मोजायच्या. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "बाई, तुमी नका मोजू. मला मोजता येतंय. दोनशे मेंढरं मोजलीत म्या रोज." कित्येक महिन्यांनंतर घरात तिचा इतका मोठा आवाज ऐकला. चुलीपुढं बसलेल्या शिवकन्येनं पदर तोंडाला लावला.

मग वॉकर आला. माय त्याला 'चार पायाचं' म्हणायची. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा अकरा अंक मोजेपर्यंत उभी राहिली. थरथर कापत होती, घामानं भिजली होती, आणि म्हणत होती, "अजून, अजून."

मंडळी, गोष्ट इथंच संपली असती तर मला आज बोलायला सोपं गेलं असतं. एकोणिसाव्या दिवशी माय पडली.

गुडघा मुडपला आणि ती खाली बसली. मॅडमनी तिला काखेत धरलं होतं म्हणून जोरात आदळली नाही, पण ओरडली. मुंजाजी बाहेरून धावत आला. त्यानं वॉकर उचलला आणि मेंढरांच्या वाड्याच्या कुडावरून पलीकडं फेकून दिला. "बाई, माझ्या मायला मारायला आलात का तुमी?" मुंजाजी शेवटच्या रांगेत बसला आहे. मान खाली घालू नको रे, हे सगळं मी तुला विचारूनच सांगतोय. कारण त्यानं निदान राग उघड केला. मी वाईट केलं. मी गोड आवाजात म्हणालो, "मॅडम, झालं तेवढं पुष्कळ झालं. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

 मॅडमही घाबरल्या होत्या. आमच्याबरोबर गंगाखेडला आल्या, फोटो काढला, हाड जागच्या जागी होतं. तरीही मी माझे शब्द मागं घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं सर," आणि तिथूनच आपल्या घरी गेल्या.

चार दिवस माय पुन्हा बाजेवर. चार दिवस मॅडम शाळेत माझ्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या, आणि मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

पाचवा दिवस शनिवार. सकाळची शाळा करून मी अकराच्या सुमाराला घरी आलो. बाज रिकामी होती.  मागच्या दारी धावलो.

मागच्या अंगणात माय उभी होती. हातात तो चार पायाचा, एक पाय वाकलेला वॉकर. आणि तिच्यासमोर मुंजाजी. तान्ह्या लेकराला चालायला शिकवताना आपण दोन्ही हात पसरून मागं मागं सरकतो ना, तसा तो सरकत होता. हा एवढा मोठा गडी, मिशीवाला, रडत होता आणि म्हणत होता, "ये माय, ये. अजून एक. ये."

काय घडलं होतं ते शिवकन्येनं मला नंतर सांगितलं. मुंजाजी भाकरी घेऊन आला तेव्हा मायनं ताट बाजूला सारलं आणि त्याला विचारलं, "मुंजा, कळपातलं मेंढरू खाली बसलं, उठंनाच, तर तू काय करतोस?"

तो म्हणाला, "उठवतो माय. धरून उभं करतो."

"का उठवतोस? बसू दे की. दमलं असंल."

"बसून राहिलं तर मरतंय ना, माय."

 माय त्याच्याकडं बघत राहिली. मग तो उठला आणि कुडापलीकडून वॉकर घेऊन आला.

त्याच दिवशी दुपारी मी मॅडमना फोन केला. माफी मागायला चार वाक्यं जुळवली होती. पहिल्याच वाक्याला त्या म्हणाल्या, "ते राहू द्या सर. मावशी किती पावलं चालल्या?" मी म्हणालो, नऊ. सोमवारपासून त्या पुन्हा यायला लागल्या.

आणि मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आपणहून आल्या नव्हत्या, हेही मला वर्षभरानं कळलं. शिवकन्येनं त्यांना गुपचूप निरोप पाठवला होता. घरात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी दिसलं होतं.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. माय शाळेच्या मैदानावर यायला लागली, म्हणून तिच्या जोडीच्या कमलबाई आल्या. गुडघे धरून, "आमचं वय हाय का आता हे करायचं," असं कुरकुरत आल्या, आणि खुर्चीवर बसून हात हलवायला शिकल्या. बबिता तिच्या चाकाच्या खुर्चीतून आली. आज ती बसल्या जागेवरून चेंडू असा फेकते की झेलणाऱ्याचे हात झिणझिणतात. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया आल्या. त्यांना मॅडमनी पळवलं नाही, पाठ मोकळी करायला शिकवलं. आणि साखर वाढलेले, पोट सुटलेले, गणिताचे एक मास्तरही आले. मॅडमनी कुणाला कधी कुणाशी तोललं नाही. ज्याला जे हलवता येतं ते त्यानं हलवायचं, एवढाच त्यांचा नियम. एक बोट हलत असेल तर एक बोट. आम्ही हसायचो. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एका बोटापासून माणूस परत येतो.

माय त्यानंतर अडीच वर्षं जगली. यंदाच्या फाल्गुनात एका सकाळी ती काठी टेकत वाड्याकडं गेली, नवीन कोकरांवरून हात फिरवला, परत येऊन उंबऱ्यावर बसली आणि शिवकन्येला म्हणाली, "चहा टाक गं, थोडी साखर जास्त टाक." चहा होईपर्यंत ती गेलेली होती. भिंतीला टेकून, काठी मांडीवर आडवी.

त्या दिवशी आम्ही दोघा भावांनी तिला उचललं. त्याआधी अडीच वर्षं तिला कुणाला उचलावं लागलं नव्हतं.

अंबिका मॅडम, माझ्या मायनं पोटभर चालून जावं, हे तुमच्यामुळं झालं. आम्ही भाऊ तिच्यावर माया करत होतो, यात शंका नाही. पण तिला बसवून ठेवणारीही आमची मायाच होती. तुम्ही आम्हाला माया करायची दुसरी रीत दाखवलीत. या पंचवीस वर्षांत तुम्ही गंगाखेडहून रोज एसटीनं उभ्यानं आलात, आता निवांत राहा असं म्हणायची माझी जीभ रेटत नाही. तुम्ही निवांत राहणार नाही आणि आम्हालाही राहू देणार नाही, हीच आमची इच्छा आहे.

संघप्रिया मॅडम घड्याळ दाखवायल्यात, तेव्हा आवरतो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, तुमचे उपकार आहेत. घरातलं चव्हाट्यावर बोललो, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर आपला मास्तर समजून पोटात घाला.

आणि एक विनंती. आता बाहेर पंगत बसेल. आपल्यात बरीच वयस्कर माणसं आहेत, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला नीट दिसत नाही. सवयीनं आपण म्हणू, तुम्ही बसा, ताट इथंच आणून देतो. तसं म्हणायच्या आधी त्यांना एकदा विचारा. येतो म्हणाले, तर हात पुढं करा आणि त्यांच्या चालीनं चाला. भात थोडा गार होईल. होऊ द्या.

नमस्कार.