औषधाला न मरणारे जंतू

(कंपनीच्या प्रयोगशाळेत.)

हिरा : तुमचे ते जंतू थोडेच द्या, सुगंधाबाई. एका पुडीपुरते. माझ्या नातीचे, पारूचे जुलाब थांबत नाय. डाकतरच्या गोळ्या चुरून देतो, तरी नाय.

सुगंधा : हिरामावशी, ते अजून औषध नाही. प्रयोगातले जंतू आहेत.

हिरा : पन चांगलेच ना? हितं बाटल्या धुताना रोज आयकते मी. दह्यातल्यासारखे.

सुगंधा : दह्यातले पोटातल्या आम्लात मरतात. म्हणून आम्ही अतिनील किरण सोडून त्यांच्यात बदल घडवले, मग आम्लात जे तगले तेच वाढवले. मग दुसऱ्या जंतूचा एक गुण त्यांच्यात आणला. अँटिबायोटिक चालू असलं तरी मरायचं नाही.

हिरा : मंग तेच पायजेत. पारूला त्याच गोळ्या चालू हायत.

सुगंधा : काल कळलं, तो गुण ते रोगाच्या जंतूंनाही देतात. मग त्या रोगाला गोळी लागू पडत नाही. पारूच्या नाही आणि तुमच्या आळीतल्या दुसऱ्या पोरांच्याही नाही.

हिरा : गेल्या पावसात आमच्या गावात, माहीमला, शेजारच्या लाडकीची पोर अशीच गेली. तुमची पोर असती तर?

सुगंधा : माझी असती तरी नसते दिले. मावशी, पारूला लघवी झाली का?

हिरा : सकालपासून नाय. डोले आत गेलेत.

सुगंधा : मग तिला सलाईन लावायला हवं, आत्ताच. चला, कंपनीची जीप मागते.

हिरा : आज मोठे साहेब येनार ना, तुमचं काम बघायला?

सुगंधा : येऊ देत.

(तिसऱ्या दिवशी, पालघरच्या दवाखान्यात, पारूच्या खाटेजवळ.)

हिरा : आता गाढ झोपली. पेज पन प्याली थोडी. तुमी कामावर गेल्या नाय?

सुगंधा : जाऊन आले. साहेबांना सांगितलं, हे जंतू बाजारात न्यायचे नाहीत. ते म्हणाले, कोणाला कळणार आहे?

हिरा : मंग?

सुगंधा : मग त्या जंतूंच्या सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्हच्या, जंतू मारणाऱ्या वाफेत घातल्या. एकही ठेवली नाही.

हिरा : इतकी वर्सं तुमीच वाढवलेले ना ते?

सुगंधा : हो. मीच.

हिरा : आनि नोकरी?

सुगंधा : घरी जा म्हणाले.

हिरा : बसा. मी च्या आनते. तवर पारूचा हात धरा. उठली नि कोन नाय दिसलं, तर रडंल.