मुक्कामी गाडीचा कागद

(१९७४. आटपाडीच्या पूर्वेचं एक गाव. एसटीतले कंडक्टर नाथाजी आणि त्यांची बायको सुलाबाई.)

सुलाबाई : आज तिसरा दिस. पंचायतीचा माणूस परत आलता. सही कवा करणार?

नाथाजी : बघू.

सुलाबाई : आवं, ड्रायवर-कंडक्टर आपल्या सोप्यात झोपतील, एवढंच लिवून द्यायचंय. त्याबिगर गाडी मुक्कामाला यायची न्हाई.

नाथाजी : दुसऱ्या कुणाचा सोपा बघा म्हणावं.

सुलाबाई : फाट्याजवळ दुसरं घर हाय कुठं? आपली राही रोज तीन कोस चालती साळंला.

नाथाजी : पोरीला मधी आणू नगंस.

सुलाबाई : मग कुणाला आणू? जोतीरामभावजींना?

नाथाजी : साहेब म्हण! कंडक्टरचा कंट्रोलर झाला, कंट्रोलरचा साहेब. जीपमधनं फिरतो. एकाच दिशी भरती झालो आमी. तिकिटाची पेटी धरता येत नव्हती गड्याला. मी शिकवली.

सुलाबाई : व्हय, व्हय. पाठ झालंय मला.

नाथाजी : आन् गाडी रातच्याला खेड्यातच ठेवायची, म्हंजी पोरं, बाजारकरी सकाळी वेळंवर पोचत्यात, ही अक्कल कुणाची? दिघंचीच्या हाटेलात मी बोललो, त्यानं चहा पिता पिता उचलली. आज वीस गावांत गाड्या मुक्कामाला, आन् हार त्याच्या गळ्यात.

सुलाबाई : मग तुमीच का न्हाई सांगितलं वरच्या साहेबास्नी?

नाथाजी : ...हसलं असतं तर?

सुलाबाई : भावजींना न्हाई हसलं?

नाथाजी : हसलं. लय हसलं.

सुलाबाई : आन् पयल्या मुक्कामाला कुणी जायना, तवा ते तुमालाच बोलवाया आलतं. तुमी म्हणालासा, पाठ दुखती.

नाथाजी : दुखत हुती.

सुलाबाई : सांच्याला कुस्त्या बघाया गेलासा की! त्यो माणूस महिनाभर गाडीच्या बाकड्यावर झोपला.

नाथाजी : ...पेन दे.

सुलाबाई : हे घ्या.

नाथाजी : झाली सही. वाकळा किती काढल्यास?

सुलाबाई : दोन.

नाथाजी : तीन काढ.

सुलाबाई : साहेब माणूस कशाला झोपंल हितं?

नाथाजी : येतोय बघ. नव्या गावात पयल्या मुक्कामाला सोता येतो त्यो.

सुलाबाई : मग नवी वाकळ काढू?

नाथाजी : जुनीच दे. लय लाड नगंत.

सुलाबाई : बरं.

नाथाजी : आन् भिंतीकडं घाल. दारातनं उजेड आला की झोप लागत न्हाई त्याला.