भिंतीतला दणका

—अहो प्लंबर, घाई कसली एवढी? आधी चहा घ्या. मेन कॉक बंद केलाच आहे तुम्ही, पाणी काही पळून जात नाही. बघू तरी तो व्हॉल्व्ह. एवढासा? आणि हा दोन्ही मजल्यांचा दाब कमी करणार? माझ्या मुलाने डोक्यातच घेतलंय — वॉशिंग मशिनचा पाइप फुटला, खोलीभर पाणी, त्याचे नवे बूट तरंगायला लागले, झालं! आणि हा बाण कसला? पाणी जातं त्या दिशेला? बरं बरं. समजा — नुसतं विचारतेय हं — चुकून उलटा बसला तर? नाही चालत? डोळे कशाला वटारता, म्हातारीने साधी चौकशी केली. आणि भिंतीतला आवाजही जाईल म्हणता? सगळा? थोडासुद्धा नाही ठेवता येणार?

हसू नका. तो आवाज कोण करतं माहितेय? मी! वाहत्या नळाची दांडी खटकन खाली पाडायची, पाणी एकदम तुटलं, की भिंतीत पाइप असा दणकतो — थेट वर, माझ्या जावेच्या उशाशी. बोलत नाही आम्ही. का म्हणजे? सासूबाईंचं शिवणयंत्र. ती म्हणे माझं, मी म्हणे माझं. यंत्र केव्हाच गंजलं, अबोला मात्र ठणठणीत! म्हटलं, बोलायचं नाही ना, मग झोपही नको तुला. उठल्या उठल्या पहिला दणका माझा. तर ही बया काय करते — वरून उलट दणका! मी एक, तर ती दोन. पाहुणे आले की नुसती जुगलबंदी. मुलगा बिचारा भिंतीला कान लावून बसायचा, पाइप सैल झालेत म्हणायचा. मी म्हणायची, हो रे बाबा, फारच सैल झालेत.

मध्ये एकदा उत्तरच आलं नाही. मी वाजवलं, पुन्हा वाजवलं — वर सगळं गार. मला काय, काळजीबिळजी काही नव्हती! मुलाला नुसतं वाटी परत करायला पाठवलं. वाटी आमचीच होती, पण असू दे. तापाने फणफणली होती हो ती, एकटी. दोन दिवस मी ओट्यापाशीच घुटमळत होते. मग वरून आला एक दणका, अगदी मरगळलेला. रडूच आलं मला — कांदा चिरत होते, म्हणून असेल.

आता तुम्हीच सांगा, हा व्हॉल्व्ह बसला की मला कळणार कसं, ती आहे का—

थांबा. पान्हा खाली ठेवा जरा. जिन्यावर कोण आहे? मुलगा तर कामावर गेलाय. चप्पल घासत... आज मी उठायच्या आतच तुम्ही येऊन कॉक बंद केलात, नाही का? माझा दणका गेलाच नाही वर. नाही हो, पाणी गेलं म्हणून उतरणारी नाही ती, पिंप भरलेलं असतं तिचं. आणि गुडघे असले! इतक्या वर्षांत हा जिना उतरली नाही हो... अगं बाई, कडी वाजवतेय.

तुम्ही काय बघत बसलात? जा तिकडे, बसवा तुमचा व्हॉल्व्ह. सरळ बसवा, बाण बघून. आणि तो कप इकडे द्या. उष्टा नाही ना केलात?