पडद्याच्या मागून दिसलेली मुंबई

मी मोठ्यांना तोडून बोलते म्हणता ना, मग हे ऐका. हैदराबादच्या कॉलेजातून सुटीला परभणीला आले होते, तेव्हा तंबूत एक बोलपट लागला होता. त्यातली मुंबई नेहमीचीच: बंदर, बोटी आणि गावाकडचा पोरगा हरवणार! आमच्या काकूंचा मुलगा दगडू तीन वर्षांपूर्वी तिथल्या गोदीत हमालीला गेला, त्याचं एक पत्र नाही.

पुरुष पुढे आणि बायकांना सिनेमाच्या कापडी पडद्याच्या मागे बसवलं होतं; चित्र तिकडूनही दिसायचं. गोदीत कापसाच्या गाठी ओढणारे पाठमोरे हमाल दिसले आणि काकू उठूनच उभ्या राहिल्या.

"अगं, दगडू! डाव्या हातानं गाठ वढायलाय बघ. डावखुराच हाय माझा!"

मला राहवेना. "काकू, आपण उलट्या बाजूनं बघतोय, आरशात दिसतं तसं. तो माणूस उजव्या हातानं ओढतोय."

काकू मटकन बसल्या. घरी आल्यावर काकू दारात थांबून म्हणाल्या, "म्हंजी आपला दगडू इकडून उजवा दिसंल की गं. उजवे तर लय होते. मी बघितलंच न्हाई त्यायच्याकडं. उद्या परत जाऊ."

खेळ आणखी चार दिवस होता. चारही दिवस मी काकूंच्या शेजारी बसले, आणि तोंड उघडलं नाही.