कासवाच्या घराला कुलूप

दुर्गा : कुलूप कशाला पण? कासव काय कडी काढून स्टेशनवर जाणार आहे?

सुबोध : मांजरं येतात अगं. शेजारच्या झीनतभाभींचा बोका बघितलास की, कसा भिंतीवर बसून राहतो.

दुर्गा : बोक्याला कडी पुरते. कुलूप माणसासाठी लावतात.

सुबोध : शाळेतून आलीस, घोटभर पाणी नाही प्यायलीस आणि उलटतपासणी सुरू. आधी घर कसं झालंय ते तर बघ. सकाळपासून गिरणी बंद ठेवून खपतोय मी.

दुर्गा : तेच म्हणते. शनिवार, दळणाचा दिवस आणि गिरणी बंद. आपल्या श्रावणीच्या बारशालाही तासाभराच्या वर बंद ठेवली नव्हती तुम्ही.

सुबोध : बघ तर खरं. पेटी चार फूट बाय तीन. खाली निम्मी माती, निम्मी वाळू, टीचभर खोल, म्हणजे उकरून बसता येतं त्याला. कोपऱ्यात फुटक्या माठाची ही अर्धी खापरी. आपल्याकडचं ऊन कसलं, दुपारी आत जाऊन बसेल की. एका बाजूला गोणपाटाची सावली, दुसरी बाजू उघडी, कारण सकाळचं ऊन त्याला लागतंच. आणि पाणी ह्या ताटलीत.

दुर्गा : एवढंसंच? कासव आहे ना ते?

सुबोध : सगळे हीच चूक करतात. हे माळावरचं आहे. बादलीत टाकलं तर बुडून मरेल. खाणं म्हणशील तर शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, निवडुंग. भाकरी-भात अजिबात नाही.

दुर्गा : तुळशीला पाणी घाला म्हणून तुम्हाला तीनदा सांगावं लागतं. हे सगळं कधी शिकलात?

सुबोध : मोबाइलवर बघितलं. चार दिवस तेच तर करतोय.

दुर्गा : चार दिवस? हे आज आलंय ना?

सुबोध : घरी आज आणलं. आधी गिरणीत ठेवलं होतं. पिठाची धूळ जायला लागली त्याच्या नाकात, म्हणून आणलं.

दुर्गा : श्रावणी रोज शाळा सुटली की गिरणीत येते. तिनं बघितलंच असेल.

सुबोध : बघितलं म्हणजे काय, तीच खायला घालते की.

दुर्गा : आणि चार दिवसांत मला एका शब्दानं बोलली नाही? दप्तरातली खोडरबरं हरवली तरी येऊन सांगणारी पोरगी?

सुबोध : मीच म्हटलं होतं तिला. आईला सांगू नको. गंमत करायची होती.

दुर्गा : हं. कुठून आणलं?

सुबोध : इंद्रजीतनं दिलं.

दुर्गा : तुमचा मावसभाऊ? केम गावच्या माळावर धनाचे हंडे निघतील म्हणून खड्डे खणत फिरत होता, तोच ना?

सुबोध : ते सोडलं त्यानं. माणूस कायम तसाच राहतो होय? श्रावणीला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं.

दुर्गा : तिचा वाढदिवस डिसेंबरात असतो. अहो, मी दिवसभर शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते. खाडाखोड मला लगेच दिसते. आणि ह्या कागदावर काय लिहिलंय? एक किलो साठ, एक किलो पंचाहत्तर...

सुबोध : वजन. गिरणीतल्या काट्यावर रोज करतो. तब्येत कळते.

दुर्गा : पोरीचं वजन किती आहे?

सुबोध : असेल की सव्वीस-सत्तावीस.

दुर्गा : बावीस. सरका जरा, फोटो काढते ह्याचा. आमच्या विज्ञानाच्या बाईंना दाखवते.

सुबोध : फोटो नको! म्हणजे... दृष्ट लागते.

दुर्गा : कासवाला?

गोजाबाई : वैनी, हायसा का? गिरणीला कुलूप का वो आज? माजं दळण तसंच पडलं की.

दुर्गा : या गोजाबाई. मालक आज कासवाचं घर बांधतायत. तुम्ही उजनी धरणाच्या काठच्या. बघा बरं, नीट झालंय का.

गोजाबाई : बगू की. अगं बया, माज्या खोलीपरीस ग्वाड केलंय. पर ह्ये आमच्या पान्यातलं न्हवं. आमच्या मालकांच्या जाळ्यात यायची ती काळी, चपटी. ह्येच्या पाटीवर चांदन्या हायत्या बगा. लई देखनं हाय. पाय बगू रं तुजं.

सुबोध : गोजाबाई, हात लावू नका.

गोजाबाई : का वो? चावतंय व्हय?

सुबोध : तसं नाही. श्रावणीशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही.

दुर्गा : हे आता नवीनच.

गोजाबाई : हात न्हाय लावत मालक, निस्ती बगते. पुडं पाच, पाच. मागं... एक, दोन, तीन, चार... आई गं. मागं बी पाच?

दुर्गा : त्यात काय झालं?

गोजाबाई : वैनी, मागल्या पायाला चारच नखं असत्यात. समदी मिळून अठरा. मी जलम काडलाय धरनावर. ह्येला वीस हायती. ह्ये वीस नखी हाय.

दुर्गा : म्हणजे काय, सांगा की नीट.

सुबोध : काही नाही गं, खेड्यातल्या गप्पा असतात.

दुर्गा : तुम्ही थांबा. सांगा गोजाबाई.

गोजाबाई : आमच्या गावात चारचाकीतनं मानसं यायची. जाळं टाकनाऱ्याला इचारत हिंडायची, वीस नखी गावलं तर आमाला सांगा म्हनून. त्येच्यावर पूजा मांडून पैशाचा पाऊस पाडत्यात म्हनं. वजन करत्यात, नखं मोजत्यात. आमच्या मालकांनी एकदा त्यास्नी वल्हं घिऊन हाकललं हुतं.

दुर्गा : वजन करतात?

गोजाबाई : व्हय की. आन् निस्त्या कासवावर न्हाय भागत त्यांचं. पायाळू पोर बी लागतंय. पायाकडनं जलमल्यालं. पोरगी असली तर लईच बरं म्हनत्यात. त्या पोरांचं म्होरं काय हुतंय, इचारू नगा... वैनी, काय झालं वो?

दुर्गा : काही नाही. गोजाबाई, एक काम करता? श्रावणी शेजारी झीनतभाभींकडं आहे, त्यांच्या सबाशी खेळतेय. तिच्याजवळ जाऊन बसा. मी येईपर्यंत उठू नका तिथून.

गोजाबाई : जाते की. दळनाचं ऱ्हाऊ द्या आज.

(गोजाबाई जाते. दुर्गा भिंतीपाशी उभी राहून शेजारून श्रावणीचा आवाज येईपर्यंत वाट बघते.)

दुर्गा : इंद्रजीतला कुणी सांगितलं?

सुबोध : काय?

दुर्गा : आपली पोरगी पायाळू आहे ते. डॉक्टर सोडले तर तुम्ही, मी आणि माझी आई. तिघांनाच माहीत होतं. आईनं शपथ घातली होती, बाहेर बोलायचं नाही म्हणून. मी तिला म्हटलं होतं, आई, आता कुणी असलं मानत नाही.

सुबोध : मीच बोललो. दिवाळीत. पण काही मनात धरून नाही गं! त्याच्या कमरेत उसण भरली होती. उठता येईना, बसता येईना. मावशी म्हणाली, पायाळू माणसाचा पाय लागला की उतरते, पण आता पायाळू माणूस आणायचं कुठून? माझ्या तोंडून निघून गेलं, आमची श्रावणी आहे की.

दुर्गा : मग?

सुबोध : मग काय, तिला बोलावलं. तिनं पाय लावला पाठीला. तीन वेळा. सगळे हसत होते. तीसुद्धा हसत होती.

दुर्गा : मी कुठं होते?

सुबोध : तू मावशीकडं आत करंज्या तळत होतीस.

दुर्गा : उतरली उसण?

सुबोध : उतरली म्हणाला.

दुर्गा : पुढं सांगा. ह्या कासवाचं काय करायचं ठरलंय? खोटं बोलू नका. मला आता खोटं ऐकायची ताकद नाही.

सुबोध : अकरा दिवस श्रावणीच्या हातनं खायला घालायचं. तिचा हात त्याच्या ओळखीचा झाला पाहिजे म्हणे. बाकी कुणी शिवायचं नाही, उचलायला तेवढा मी. मग अमावास्येला केमला, त्याच्या शेतावर एक महाराज येणारेत. छोटी पूजा. आणि कासव माळावर सोडून द्यायचं. बास. घरात बरकत येते म्हणाला. ज्वारी कोण दळून नेतंय गं आता? सगळे पिशवीतलं पीठ आणतात. मला वाटलं, एवढ्यानं काही होत असेल तर...

दुर्गा : केमला कुणी न्यायचं?

सुबोध : मी.

दुर्गा : काय न्यायचं?

सुबोध : कासव.

दुर्गा : आणि?

सुबोध : तिच्याच हातनं सोडायचं असतं गं ते.

दुर्गा : म्हणजे श्रावणीला न्यायचं. मला काय सांगणार होतात?

सुबोध : मावशीकडं नेतोय म्हणून.

दुर्गा : देवा.

सुबोध : मी बरोबर असणार होतो की!

दुर्गा : सगळा वेळ?

सुबोध : पूजा छोटीच आहे गं.

दुर्गा : सगळा वेळ का, विचारतेय मी.

सुबोध : पूजेच्या वेळी बापानं शेताबाहेर थांबायचं, असं महाराजांनी सांगितलंय.

दुर्गा : आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात?

सुबोध : मी विचारलं, किती वेळ लागेल.

दुर्गा : किती वेळ लागेल.

सुबोध : दुर्गा, मला पैशाचा पाऊस-बिऊस काही सांगितलं नव्हतं त्यानं. आईशप्पथ. नखं मोजून फोनवर सांग म्हणाला, तेव्हा जरा मनात पाल चुकचुकली. पण म्हटलं, मावसभाऊ आहे. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही.

दुर्गा : चुकचुकली आणि तुम्ही तरी मोजलीत.

सुबोध : मोजली.

दुर्गा : उठा. एखादं खोकं घ्या, भोकं पाडा त्याला. वनखात्याच्या ऑफिसात जायचं आणि तिथून पोलिसांत.

सुबोध : मला धरतील गं. असली कासवं पाळायला बंदी आहे. मी वाचलंय.

दुर्गा : म्हणून कुलूप. कळलं.

सुबोध : सकाळी लांब माळावर नेऊन सोडतो ना गुपचूप. इंद्रजीतला सांगतो, पळून गेलं. मिटेल सगळं.

दुर्गा : कासव मिटेल. पायाळू पोरगी कुठं सोडाल? त्या माणसांना तिचं नाव माहीत आहे, शाळा सुटायची वेळ माहीत आहे. कासव त्यांना दुसरं मिळेल. नावं द्यायची आपण. इंद्रजीतचं, त्या महाराजाचं, कुठलं शेत तेही.

सुबोध : आणि माझं?

दुर्गा : पहिलं तुमचं. तुमच्या तोंडानं. मी शेजारी बसेन.

सुबोध : मावशीला काय तोंड दाखवू?

दुर्गा : नका दाखवू.

सुबोध : हे खोकं चालेल? बिस्किटांचं आहे.

दुर्गा : चालेल. दोन्ही हातांनी धरा, पडेल ते.

सुबोध : थोडा पाला ठेवू का आत?

दुर्गा : ठेवा. त्यानं काय केलंय बिचाऱ्यानं?

सुबोध : दुर्गा.

दुर्गा : काय?

सुबोध : तिला आत पाठवून मी खरंच बाहेर थांबलो असतो, असं वाटतं तुला?

दुर्गा : सकाळी कुणी असं म्हणालं असतं, तर मी त्याला ह्या दारात उभं केलं नसतं.

सुबोध : आणि आत्ता?

दुर्गा : तुम्ही गाडी काढा. मी झीनतभाभींना सांगून येते. श्रावणीला न्यायला मी आले तरच सोडायचं. तुम्ही आलात तरी नाही.